नवे पिस्तूल रुळवण्याचे काम ग्राहकाचे नव्हे

१८१६ साली सुरू झालेल्या रेमिंग्टन या अमेरिकी कंपनीने २०१४ च्या आरंभी आर-५१ नावाचे छोटे पिस्तूल बाजारात आणले. शर्टाआड कमरेला लावून वावरता येईल एवढा आकार, ९ मिलिमीटरची गोळी आणि सव्वाचारशे डॉलरच्या आसपास किंमत. पहिल्या खरेदीदारांच्या हातात ते पडले आणि तक्रारी सुरू झाल्या. गोळी नीट चेंबरमध्ये जात नव्हती, स्लाइड पूर्ण बंद होत नव्हती, रिकामी पुंगळी अडकत होती. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने जाहीर केले की चाचणीसाठी बनवलेली पिस्तुले ठीक चालली होती, पण नमुन्याकडून मोठ्या उत्पादनाकडे जाताना दोष शिरले. ज्यांनी ते पिस्तूल घेतले होते त्यांना ते परत देऊन त्याच्या जागी नवे घेण्याची मुभा दिली गेली, सोबत दोन जादा मॅगझिन आणि एक पेटी. सुधारलेले मॉडेल दुकानात यायला २०१६ उजाडले. एवढ्या जुन्या कारखान्यातून असा माल बाहेर पडतोच कसा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: हा दोष शोधून काढण्याचे काम कोणी केले? ते ग्राहकांनी केले, स्वतःच्या पैशाने गोळ्या विकत घेऊन. आणि ही पद्धत त्या एका पिस्तुलापुरती नाही. लहान पिस्तुलांच्या बाजारात ती इतकी रुळली आहे की कोणाला खटकतही नाही. नवे पिस्तूल अडकले की सल्ला ठरलेला असतो: आधी दोनशे-पाचशे गोळ्या झाडा, ते आपोआप मोकळे होईल.

हा सल्ला निराधार आहे असे मी म्हणणार नाही. त्यामागे थोडे यंत्रशास्त्र आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचे बोलणे अन्यायाचे होईल. गोळी सुटली की तिच्या धक्क्याने स्लाइड मागे जाते. जाताना एक्स्ट्रॅक्टर नावाची लहानशी आकडी पुंगळीची कड धरून तिला चेंबरबाहेर ओढते, पुंगळी इजेक्टरवर आदळून बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकली जाते, रिकॉइल स्प्रिंग दबते आणि मग स्लाइडला पुढे ढकलते. पुढे येताना स्लाइड मॅगझिनमधली वरची गोळी उचलते, ती उतारावरून घसरत चेंबरमध्ये जाते आणि सगळे कुलूपबंद होते. पापणी लवायच्या आत हे घडते. मोठ्या पिस्तुलात स्लाइड लांब आणि जड असते, तिला मागे जायला जागा असते, मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढची गोळी वर ढकलायला वेळ मिळतो. लहान पिस्तुलात हे सगळे आखडते. स्लाइड हलकी, म्हणून वेग जास्त. तो वेग आवरायला स्प्रिंग कडक. प्रवास आखूड, म्हणून चुकीला वाव कमी. स्लाइड केसभर आधी परतली तर पुंगळी बाहेर पडायच्या आतच खिडकीत चिमटली जाते आणि उभी राहते. मॅगझिनची स्प्रिंग केसभर मागे पडली तर गोळीचे नाक उतारावर खालीच टेकते. नव्या पिस्तुलात धातूचे पृष्ठभाग अजून एकमेकांशी घासून गुळगुळीत झालेले नसतात, स्प्रिंगा ताठर असतात, कारखान्याने गंज लागू नये म्हणून चोपडलेले दाट तेल तसेच असते. काही गोळ्या झाडल्यावर घर्षण उतरते, हे खरे आहे.

पण यातून निघणारा निष्कर्ष बरोबर नाही. नव्या मोटरसायकललाही रनिंगचा काळ असतो. पहिले काही किलोमीटर गाडी ताणू नका, असे शोरूमवाला सांगतो. ती गाडी प्रत्येक सिग्नलला बंद पडायला लागली तर मात्र ‘रनिंग चालू आहे’ हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही. यंत्र हळूहळू सुधारणे आणि यंत्र मुळात काम न करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि नव्या पिस्तुलाकडून पहिल्या गोळीपासून नीट चालण्याची अपेक्षा करणे अवास्तव नाही, याचा पुरावा कॅलिफोर्नियाच्या कायद्यातच आहे. तिथे एखादे पिस्तूल विक्रीच्या यादीत घालायचे तर कंपनीला त्या मॉडेलचे तीन नग प्रयोगशाळेत द्यावे लागतात. दुकानात जसा माल जाईल तसाच तो असावा, वेगळा घासूनपुसून तयार केलेला नसावा, अशी अट आहे. प्रत्येक नगातून ६०० गोळ्या झाडल्या जातात आणि त्यात सहापेक्षा जास्त अडथळे आले तर पिस्तूल नापास. त्याहून बोलकी अट पहिल्या २० गोळ्यांची आहे: त्यांत, दोष गोळीचाच नसेल तर, एकही अडथळा चालत नाही. म्हणजे रुळण्याच्या सबबीला जिथे सर्वांत जास्त जागा मिळाली असती, नेमक्या तिथेच कायद्याने सवलत नाकारली आहे. आणि ही अट पार करून शेकडो मॉडेल त्या यादीत आली. ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८० च्या सुमारास नवे पिस्तूल शोधताना पहिल्या १०,००० गोळ्यांत २० पेक्षा जास्त अडथळे नकोत अशी मर्यादा घातली होती. त्या निवडीतून ग्लॉक पुढे आले. ग्राहक मोठा असला आणि अट लेखी असली की कारखान्याला जमते.

सामान्य ग्राहकाला मात्र उलटी अट लिहून मिळते. काहर या अमेरिकी कंपनीच्या पुस्तिकेत दोनशे गोळ्या झाडून होईपर्यंत पिस्तूल भरवशाचे समजू नका, असे स्पष्ट सांगितलेले असते. एका अर्थी हा प्रामाणिकपणा आहे, आणि ज्या कंपन्या काहीच सांगत नाहीत त्यांच्यापेक्षा तो बरा. पण त्याचा हिशेब करून पाहा. सरावाची ९ मिलिमीटरची गोळी अमेरिकेत साधारण पाव डॉलरच्या आसपास पडते, स्वसंरक्षणासाठी वापरतात ती पोकळ टोकाची गोळी डॉलरच्या घरात. दोनशे सरावाच्या आणि पन्नास पोकळ टोकाच्या गोळ्या झाडल्या तर शंभर डॉलर गेले, रेंजचे भाडे आणि वेळ वेगळा. ही रक्कम किमतीच्या पाटीवर नसते. दुसरा हिशेब संख्याशास्त्राचा आहे आणि तो अधिक गंभीर. समजा, पिस्तूल सलग दोनशे गोळ्या न अडकता चालले. त्यावरून ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की त्याचा अडकण्याचा दर दीड टक्क्यापेक्षा जास्त नाही. दर खरोखर दीड टक्का असेल तर दहा गोळ्यांच्या सात मॅगझिनमागे एकात अडथळा येईल. म्हणजे दोनशे स्वच्छ गोळ्या हासुद्धा भरवशाचा फार मोठा पुरावा नाही. मग ज्या पिस्तुलाने पहिल्या शंभरात पाच वेळा दगा दिला आणि पुढच्या दोनशेत दिला नाही, ते ‘रुळले’ असे कशाच्या आधारावर म्हणायचे? नेमके काय बदलले हे ठाऊक नसेल तर ते पाच अडथळे संपले की नुसते थांबले, हे सांगता येत नाही. लोक मात्र आधीचे पाच विसरून शून्यापासून मोजायला लागतात.

यावर अनुभवी नेमबाजांचा आक्षेप असतो, आणि तो वजनदार आहे: दोष बहुतेक वेळा पिस्तुलात नसतो, हातात असतो. मनगट ढिले धरले तर पिस्तूल स्लाइडबरोबरच मागे झुकते, स्लाइडला पुरता प्रवास मिळत नाही आणि पुंगळी अडकते. अंगठा चुकीच्या जागी ठेवला तर शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकून राहत नाही. हलक्या भाराच्या स्वस्त गोळ्या कडक स्प्रिंगला पुरेशा दाबू शकत नाहीत. हे सगळे खरे आहे. पण अमेरिकी लष्कराने याच प्रश्नाकडे कसे पाहिले ते बघण्याजोगे आहे. जानेवारी २०१७ मध्ये लष्कराने सिग सॉअरच्या पी-३२० वर आधारलेले पिस्तूल निवडले. पूर्ण आकाराचे एम-१७ आणि आटोपशीर एम-१८. दोन अडथळ्यांमध्ये सरासरी २,००० गोळ्या जाव्यात अशी अपेक्षा होती. पेंटॅगॉनच्या चाचणी विभागाने त्या वर्षीच्या अहवालात नोंदवले की साध्या गोल टोकाच्या गोळीने दोन्ही पिस्तुले या अपेक्षेच्या बरीच खाली राहिली, पोकळ टोकाच्या गोळीने त्यापेक्षा बरी चालली. आणि अडथळ्यांचा मोठा हिस्सा स्लाइड मागे न थांबण्याचा होता. कारण, लष्कराच्याच शिकवणीप्रमाणे पिस्तूल उंच पकडल्यावर सैनिकांचा दुसरा हात स्लाइडच्या कळीवर येत होता. कारण हाताचे होते हे अहवालाने सांगितले, तरीही तो अडथळा अडथळाच म्हणून मोजला. हे मला योग्य वाटते. शिकवल्याप्रमाणे धरणाऱ्या माणसाच्या हातात यंत्र अडत असेल तर ती यंत्राच्या आखणीची बाब आहे. लहान पिस्तुलाला तर हे दुप्पट लागू पडते, कारण त्याची मूठ बोटभर आखूड असते, करंगळीला टेकायला जागा नसते, आणि ते विकले जाते नवशिक्यांना, ज्येष्ठांना, लहान हाताच्या माणसांना. ज्या हातांसाठी वस्तू बनवली त्या हातांवर दोष ढकलणे मला मान्य नाही.

हाताचा दोष, गोळीचा दोष, मॅगझिनचा दोष आणि पिस्तुलाचा दोष वेगळे करता येतात, आणि त्याची रीत फार अवघड नाही. ‘रुळेल’ या सल्ल्यावर माझा मुख्य राग इथेच आहे, कारण तो ही रीतच बाजूला ठेवायला सांगतो. पहिल्यांदा पुस्तिकेप्रमाणे पिस्तूल सोडवून कारखान्याचे तेल पुसून काढावे आणि सांगितलेल्या जागी सांगितलेले वंगण द्यावे. अनेक अडथळे इथेच संपतात. मग पुस्तिकेत नमूद केलेल्या भाराच्या नव्या, कारखान्यात भरलेल्या गोळ्याच वापराव्यात. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने आकडा टाकावा. अडथळा आला की नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर ठेवून आधी काय दिसते ते पाहावे: पुंगळी खिडकीत उभी आहे का, चेंबरमध्ये जुनी पुंगळी तशीच असून मागून नवी गोळी तिच्यावर आदळली आहे का, की स्लाइड शेवटच्या थोड्या अंतरावर अडली आहे. पहिल्यात संशय इजेक्टरवर, ढिल्या मनगटावर किंवा हलक्या गोळीवर. दुसऱ्यात एक्स्ट्रॅक्टरवर किंवा खरखरीत चेंबरवर. तिसऱ्यात घाणीवर, स्प्रिंगवर किंवा गोळीच्या मापावर. हे कितव्या गोळीला, कोणत्या मॅगझिनमध्ये, कोणत्या कंपनीच्या गोळीने झाले ते जागच्या जागी लिहून ठेवावे. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. अडथळा एकाच मॅगझिनमागे फिरत असेल तर मॅगझिन बदलून मिळते. एकाच जातीच्या गोळीने होत असेल तर ती गोळी सोडता येते. जाणत्या नेमबाजाच्या हातात तो थांबत असेल तर शिकवणी घेणे हे उत्तर आहे. आणि सगळे बदलूनही तो राहत असेल तर दोष पिस्तुलात आहे. मग आणखी तीनशे गोळ्या खर्च करण्यात अर्थ नाही. चाप ओढल्यावर आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर मात्र नोंदीचाही विचार न करता थांबलेच पाहिजे. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्या मागे दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. आणखी एक गोष्ट कटाक्षाने टाळावी, ती म्हणजे घरी पॉलिश पेपर घेऊन उतार घासत बसणे. एकदा धातू घासला की हमी तर जातेच, शिवाय दोष कारखान्यातून आला होता हे दाखवणारा पुरावाही जातो.

पुरावा जमवून तो न्यायचा कुठे? इथे अमेरिकेच्या कायद्यातले मोठे भोक दिसते. १९७२ च्या कायद्याने तिथे ग्राहक वस्तूंच्या सुरक्षेसाठी आयोग नेमला. पाळणे, शिड्या, टोस्टर, खेळणी, सगळ्यांतल्या दोषांवर हा आयोग माल परत मागवण्याचा आदेश काढण्यापर्यंत जाऊ शकतो. बंदुका आणि काडतुसे त्यातून पहिल्यापासून वगळलेली आहेत. विसंगती किती टोकाची आहे पाहा: छर्ऱ्याची एअरगन आयोगाच्या अखत्यारीत येते, आणि २००१ मध्ये आयोगाने डेझी कंपनीच्या एअरगनमधल्या दोषावरून कारवाईही सुरू केली, पण खरे पिस्तूल येत नाही. त्यामुळे पिस्तुलांच्या बाबतीत जे होते ते कंपनीच्या मर्जीने होते. २०१३ मध्ये स्प्रिंगफील्ड आर्मरीने एक्सडी-एस पिस्तुले परत मागवली, २०१७ मध्ये सिग सॉअरने पी-३२० साठी मोफत सुधारणा जाहीर केली. दोन्हींत प्रश्न नकळत गोळी सुटण्याचा होता, म्हणजे जिवावरचा आणि बातमीत येणारा. नुसते अडकणारे पिस्तूल बातमीत येत नाही. न्यायालयाचा मार्ग आहे, २००५ च्या कंपन्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यातही सदोष मालाचा अपवाद ठेवला आहे, पण तो इजा, मृत्यू किंवा मालमत्तेचे नुकसान झाल्यानंतरचा. केंद्र सरकारची कोणतीही यंत्रणा ग्राहकांच्या अडथळ्यांच्या नोंदी एकत्र करून अमुक मॉडेलमध्ये अमुक दोष आहे असे म्हणू शकत नाही. अशा परिस्थितीत ‘रुळेल’ हा शब्द कंपनीच्या किती सोयीचा आहे हे वेगळे सांगायला नको: त्याने तक्रार लांबते, आणि लांबलेल्या तक्रारींतल्या बऱ्याच कधी केल्याच जात नाहीत.

बंदुकीच्या हक्काचे कैवारी म्हणतात की असा अधिकार सरकारला दिला तर सुरक्षेच्या नावाखाली पिस्तुलेच बंद केली जातील. कॅलिफोर्नियाचेच उदाहरण ते देतात, आणि त्यात तथ्य आहे. तिथल्या यादीसाठी पुढे पुंगळीवर सूक्ष्म खुणा उमटवण्यासारख्या अटी घातल्या गेल्या, त्या पुऱ्या करणारे पिस्तूल कोणी बनवत नव्हते, आणि २०१३ नंतर वर्षानुवर्षे नवी मॉडेल यादीत येणेच जवळपास थांबले. हे प्रकरण न्यायालयात गेले. अटींचा हा अतिरेक मला पटत नाही. पण त्याच्यामुळे ६०० गोळ्यांची साधी चाचणी वाईट ठरत नाही. उलट तीच त्या कायद्यातली सर्वांत निर्विवाद गोष्ट आहे, कारण ती ग्राहकाच्या बाजूची आहे. ज्याला शस्त्र बाळगण्याचा हक्क पवित्र वाटतो त्याने तर चालणाऱ्या शस्त्राचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा. दुसरा आक्षेप किमतीचा: कारखान्याने प्रत्येक पिस्तुलातून शेकडो गोळ्या झाडल्या तर ते महाग होईल. होईल, थोडे. पण तो खर्च आज नाहीसा झालेला नाही, तो ग्राहकाच्या खिशातून जातो, आणि तोही किरकोळ भावाने. शिवाय प्रत्येक नगाला शेकडो गोळ्यांची गरज नाही. प्रत्येक घाण्यातून काही नग काढून त्यांची कसून चाचणी करायची आणि निकाल जाहीर करायचा, एवढे पुरे. आर-५१ चा दोष उत्पादन सुरू झाल्यावर शिरला होता. पहिल्या घाण्यातले पाच-पन्नास नग अशा चाचणीतून गेले असते तर तो ग्राहकाच्या हातात जाण्याआधीच उघड झाला असता.

बंदुका जितक्या कमी तितके बरे, असे मानणाऱ्यांनी या वादात पडावे का? मी स्वतः त्यांच्यातलाच आहे, आणि माझे उत्तर होय असेच आहे. अडकलेले पिस्तूल निरुपद्रवी नसते. चेंबरमध्ये गोळी, स्लाइड अर्धवट, हातात घाम आणि घाईने चाललेली खटपट, अशा वेळी नळी कुठे वळेल याचा नेम नसतो; शेजारी उभ्या असलेल्याला त्याचा धोका मालकाइतकाच. अमेरिकेत अर्ध्याहून अधिक राज्यांत आता परवान्याशिवायही पिस्तूल अंगावर बाळगता येते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर न्यू जर्सीसारख्या, जिथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, त्या राज्यातही परवाना मिळणे बरेच सोपे झाले आहे. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना दुर्मीळ, ९ मिलिमीटरची गोळी सामान्य परवानाधारकाला बंदच, हाती येते ते बहुधा सरकारी कारखान्याचे .३२ बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, आणि काडतुसांची संख्या परवान्यावर बांधलेली. लहान शस्त्रांची काडतुसे आपल्याच खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांत बनतात, तरी ती परवानाधारकाला मोजून मिळतात. अमेरिकी ग्राहकाने पाचशे गोळ्या झाडून पिस्तूल रुळवणे अन्यायाचे आहे. भारतीय परवानाधारकाला ते शक्यच नाही. म्हणून इथे कारखान्याची जबाबदारी आणखी वाढते. भारतात बंदुकीची प्रूफ चाचणी सक्तीची आहे, पण ती जादा दाबाला नळी टिकते की नाही एवढेच सांगते; दहावी गोळी चेंबरमध्ये जाईल की नाही हे सांगत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाबद्दल उत्पादकाची जबाबदारी ठरवणारे स्वतंत्र प्रकरण आहे. सरकारी कारखाने आता कंपन्या झाले आहेत, खासगी उत्पादकही या धंद्यात उतरत आहेत. प्रत्येक मॉडेलची किती गोळ्यांची चाचणी झाली, कोणत्या काडतुसांनी झाली आणि किती अडथळे आले, हे पिस्तुलाच्या पेटीत छापील कागदावर देण्याची सक्ती केंद्रीय गृह मंत्रालय शस्त्र नियमांत दुरुस्ती करून करू शकते. त्यासाठी नवा आयोग लागत नाही.

तोवर ज्याच्याकडे परवाना आहे आणि ज्याने नवे पिस्तूल घेतले आहे, त्याला माझे सांगणे एवढेच आहे. पहिल्या डब्यातच ते अडकले तर गोळीचा क्रमांक आणि मॅगझिन लिहून ठेवा, पुंगळीसकट फोटो काढा, स्वतः काही घासू नका, आणि विक्रेत्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. दोषाचे कारण कळून तो दुरुस्त होईपर्यंत त्या पिस्तुलावर जीव सोपवू नका, मग काउंटरमागचा माणूस ‘रुळेल’ असे कितीही वेळा म्हणो.